कोल्हारची कॉफीची चक्की

मी एक जुनी कॉफीची चक्की आहे. मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी चक्की कदाचित नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगते. माझ्या डोक्यावर पितळेची वाटी आहे. तिच्यात भाजलेल्या बिया टाकायच्या. खाली ओतीव लोखंडाचे पोट आहे आणि पोटात दातेरी चाके आहेत. बाजूच्या दांड्याला लाकडी मूठ आहे. ती मूठ फिरवली की बिया भरडल्या जातात आणि खालच्या खणात पूड पडते. मला एवढेच काम येते, पण या एवढ्याशा कामापायी मी एका घरातले पुष्कळ काही पाहिले.

माझा जन्म बंगळूरच्या एका ओतशाळेत झाला. लालभडक लोखंड साच्यात ओतले, ते निवले, मग एका कारागिराने कानशीने माझा एकेक दाता घासला. पुढे मी एका दुकानाच्या फळीवर जाऊन बसले. तिथे मला सूर्यभान यांनी पाहिले.

सूर्यभान आपल्या नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचे. फौजेत आचारी होते. बंगळूरच्या छावणीत असताना तिकडच्या सोबत्यांनी त्यांना कॉफी भाजायला, दळायला आणि गाळायला शिकवले, आणि हा माणूस त्या वासाच्या प्रेमातच पडला. पेन्शनीवर निघताना बाकीच्या जवानांनी रेडिओ घेतले, घरच्यांसाठी रेशमी साड्या घेतल्या. सूर्यभानांनी मला घेतले, आणि जोडीला कॉफी गाळायचे पितळी भांडे.

घरी पेटी उघडली तेव्हा त्यांच्या पत्नी कडूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मला उलटेसुलटे करून पाहिले.

"ह्ये काय आनलंय?"

"कॉफीची चक्की."

"आन् साडी?"

"पुढच्या खेपंला आनतो."

"पेन्शन घेऊन आलाय न्हवं तुमी? आता पुढची खेप कुठली?" असे म्हणून कडूबाईंनी मला कोनाड्यात ठेवून दिले. पण ठेवण्याआधी पदराने माझ्यावरची धूळ पुसली, ते मी विसरले नाही.

कोल्हारला प्रवरेच्या पुलाजवळ, नगर-मनमाड रस्त्यावर सूर्यभानांनी हॉटेल टाकले. पत्र्याचे छप्पर, लाकडी बाकडी आणि एक मोठे टेबल. त्या टेबलाच्या कडेला मला स्क्रूने आवळून बसवले. गावातली माणसे यायची ती चहाच मागायची. कॉफी दळायला लागले की कोणीतरी हमखास म्हणायचे, "सूर्यभाना, भाकरी करपली बघ." सूर्यभान हसायचे आणि मूठ फिरवत राहायचे.

मग एके दिवशी शिर्डीला निघालेली मद्रासकडची एक बस पुलाजवळ थांबली. चाकात हवा भरेपर्यंत माणसे खाली उतरली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नाक वर केले, वास घेत घेत ते थेट माझ्यापर्यंत आले आणि हात जोडून उभे राहिले. घर सोडल्यापासून त्यांना मनासारखी कॉफी मिळाली नव्हती. त्या दिवशी सगळ्या बसने कॉफी घेतली. ही बातमी ड्रायव्हरांच्या तोंडी पसरली. साईबाबांच्या दर्शनाला जाणाऱ्या दक्षिणेकडच्या बसगाड्या आमच्याकडे मुद्दाम थांबू लागल्या. मी सकाळपासून फिरत असे आणि मला त्याचा मोठा डौल वाटत असे.

सूर्यभानांचा एक नियम होता. गाळून उतरलेला दाट काढा आधी स्वतः चाखायचा, मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. भांडे नवे, की घोट नवा. शिवाय बस गेल्यावर दमलेल्या जिवाला एक कप, आणि बस येईपर्यंत कंटाळलेल्या जिवाला एक कप. अशी बरीच वर्षे गेली.

एकाहत्तर साल उजाडले. एका सकाळी सूर्यभान माझी मूठ फिरवता फिरवता थांबले. एका हाताने त्यांनी टेबल धरले, दुसरा छातीवर ठेवला.

"काय हुतंय?" कडूबाईंनी चुलीपासून विचारले.

"छातीत कोंबडं फडफडल्यागत हुतंय."

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तपासले, ते मी नंतर कडूबाईंच्या तोंडून ऐकले. हृदयाचे ठोके ताल सोडून पडत होते. डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, "कॉफी किती पिता?" सूर्यभान खाली बघू लागले. कडूबाई म्हणाल्या, "त्ये मोजत न्हाईत."

"आजपासून कॉफी बंद. घोटभरसुद्धा नाही."

"डाक्टर, माझा धंदाच त्यो हाय."

"धंदा करा ना. पिऊ नका."

सूर्यभानांनी ऐकले. डोके ठणकायचे, चिडचिड व्हायची, तरी त्यांनी ऐकले. पण चाखणे थांबले आणि कॉफीची चव हळूहळू बिघडत गेली. हे आधी कडूबाईंच्या लक्षात आले. कप विसळायला येत तेव्हा ते अर्धे भरलेले असत. एका बसच्या लोकांनी तर पैसे दिले, नमस्कार केला आणि कप तसेच ठेवून ते निघून गेले.

त्या दिवशी कडूबाईंनी पदर खोचला, वाटीत काढा घेतला आणि तोंडाला लावला. जन्मभर गुळाचा चहा प्यालेली ती बाई. त्यांचे तोंड असे काही झाले की बऱ्याच दिवसांनी सूर्यभान हसले.

"लई कडू हाय ह्ये."

"नाव कडूबाई आन् कडूला भ्यायचं व्हय?"

"हसू नगा. कडू किती असाया पायजे त्येवढं सांगा."

मित्रांनो, त्या दिवसापासून जे सुरू झाले ते मी जवळून पाहिले आणि मला त्याचे अजूनही कौतुक वाटते. कडूबाई घोट घ्यायच्या आणि जिभेवर काय लागले ते आपल्या शब्दांत सांगायच्या. "आज जिभंला राख लागल्यावानी वाटतंय." सूर्यभान म्हणायचे, "म्हंजी बी जादा भाजलं." कधी त्या म्हणायच्या, "वास हाय, पन अंगात जीव न्हाई." सूर्यभान माझ्या चाकांचा स्क्रू थोडा आवळून पूड बारीक करायचे. एकाची जीभ आणि दुसऱ्याचे ज्ञान, दोघांत मिळून एक कॉफी होऊ लागली. काही महिन्यांत कडूबाई नुसत्या वासावरून सांगू लागल्या. कप रिकामे होऊन परत येऊ लागले.

पण सूर्यभानांचे काय होत होते, ते मलाच दिसत होते. ते दिवसभर त्या वासात उभे असत. भट्टीवर बिया तडतडू लागल्या की त्यांचे डोळे मिटत. मग ते डोळे उघडत आणि दुसऱ्याचा कप भरत.

कोल्हारच्या बाजाराच्या दिवशी कडूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. दुपारची वेळ, रस्ता सुना. सूर्यभान माझ्याजवळ आले. मूठभर बिया माझ्या वाटीत टाकल्या. त्यांचा हात मुठीवर आला, थांबला आणि फिरू लागला. मी लोखंडाची. हात फिरवला की मला फिरावेच लागते. त्यांनी कॉफी केली, खाली बसून अगदी सावकाश प्याली. चेहऱ्यावर इतके समाधान होते की ते मला बघवेना. त्यांनी आणखी एक कप घेतला.

कडूबाई परतल्या तेव्हा सूर्यभान टेबलाच्या पायाशी कलंडले होते. अंग घामाने भिजले होते. कडूबाईंची पिशवी हातातून गळून पडली. त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभे राहून मालट्रक अडवला आणि नवऱ्याला श्रीरामपूरला नेले. हॉटेल उघडेच राहिले. बराच वेळ मी आणि तो रिकामा कप समोरासमोर होतो.

सूर्यभान वाचले. पुन्हा हॉटेलात येऊन बसू लागले, पण मान वर करेनात. कडूबाई त्यांच्याजवळ बसल्या.

"मी रागावनार न्हाई. फकस्त सांगा, एवढं काय हुतं त्या कपात?"

सूर्यभान म्हणाले, "अगं, समदी पीत असत्यात आन् म्या भांडं घेऊन हुबा ऱ्हातो. आपल्याच घरात पाव्हना झाल्यागत वाटतं."

कडूबाई उठल्या आणि कामाला लागल्या. पण ते वाक्य त्यांच्या मनात रुतले असावे, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी राधाकृष्णसाहेबांना थांबवून घेतले.

राधाकृष्णसाहेब जवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. आमचे रोजचे गिऱ्हाईक. कडूबाईंनी त्यांना विचारले, "साहेब, कॉफीत असं काय असतंय, जे छातीला बाधतं? आन् त्येवढंच काडून टाकता येत न्हाई का?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "वहिनी, त्याला कॅफीन म्हणतात. आणि ते काढता येतं. परदेशात तशी कॉफी मिळते. माणसं सवय बदलून तीच पितात."

"कसं काडत्यात?"

साहेबांना समजावून सांगायची हौस होती. ते म्हणाले, "भाजलेल्या नाही, कच्च्या हिरव्या बियाच घेतात. आधी त्यांना वाफ देतात. बी फुगतं, मोकळं होतं. मग ते एका रसायनात ठेवतात. ते रसायन कॅफीनला धरतं, चवीला फारसं हात लावत नाही. मग रसायन काढून टाकायचं, पुन्हा भरपूर वाफ द्यायची, म्हणजे त्याचा उरलेला अंशही उडून जातो. मग बी वाळवायचं आणि नेहमीसारखं भाजायचं."

"कारल्याला मीठ लावून पिळतो, तसंच की."

"तसंच. पण कारलं पिळलं की कडूपणाबरोबर थोडी चवही जाते ना? सगळी मेख तिथंच आहे. काही जण रसायनाऐवजी गरम पाणी वापरतात. पाणी कॅफीन घेतं, पण चवही घेतं. मग त्या पाण्यातून कॅफीन तेवढं वेगळं करायचं, कोळशात ते अडकतं, आणि चवीचं पाणी बियांना परत पाजायचं."

"रसायन नगं. पानी आन् कोळसा माझ्या घरात हाय," कडूबाई म्हणाल्या.

साहेब हसले, पण कडूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कच्च्या बिया गरम पाण्यात भिजत घातल्या. पाणी पिवळट हिरवे झाले. बिया पत्र्यावर वाळवल्या, भाजल्या आणि माझ्यात टाकल्या. मला वाटले, मी कोंडाच भरडते आहे. कडूबाईंनी घोट घेतला आणि चुळीसारखा टाकून दिला. "धुनं भिजवल्याल्या पान्यावानी हाय."

दुसऱ्या खेपेला त्यांनी बाभळीचा कोळसा कुटून कापडावर पसरला, बियांचे पाणी त्यातून पुन्हा पुन्हा गाळले आणि मंद आचेवर आटवून बियांतच परत मुरू दिले. या वेळची पूड माझ्या खणात पडली तेव्हा तिला वास होता. कॉफी झाली. कडूबाईंनी चाखली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. सूर्यभानांनी हात पुढे केला.

कडूबाईंनी कप दिला नाही. त्या दारात बसलेल्या राधाकृष्णसाहेबांकडे वळल्या. "साहेब, ह्यातलं कॅफीन गेलं का?"

"थोडंफार गेलं असेल."

"थोडंफार म्हंजी किती?"

"ते तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. जिभेला ते कळत नाही. आणि आमच्याकडे उसातली साखर तपासायची सोय आहे, याची नाही."

कडूबाईंनी कपाकडे पाहिले. किती दिवसांची खटपट त्या कपात होती. त्यांनी तो उचलला आणि मोरीत ओतला.

"अंदाजानं ह्यांच्या छातीशी खेळायचं न्हाई."

सूर्यभानांनी पुढे केलेला हात तसाच कडूबाईंच्या खांद्यावर ठेवला. मित्रांनो, खटपट करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. पण खात्री नाही असे दिसल्यावर, सगळे जवळ येऊन ठेपले असताना थांबणारी माणसे थोडी. त्या दिवशी त्या बाईंविषयी मला जेवढा आदर वाटला, तेवढा मला बनवणाऱ्या कारागिराविषयीही कधी वाटला नव्हता.

राधाकृष्णसाहेबही तो प्रसंग विसरले नाहीत. कारखान्यात नवी यंत्रे बसवायला एक जर्मन इंजिनिअर आले होते. अधूनमधून तेही आमच्याकडे कॉफीला येत. साहेबांनी त्यांना सगळी हकीकत सांगितली. नाताळाला ते आपल्या देशी गेले आणि परत आले ते कॅफीन काढलेल्या, भाजलेल्या बियांचे डबे घेऊनच. कडूबाईंनी डबा लगेच उघडला नाही. तो पिशवीत घालून त्या आधी श्रीरामपूरला गेल्या आणि डॉक्टरांपुढे ठेवला. डब्यावरची, साहेबांनी मराठीत लिहून दिलेली माहिती डॉक्टरांनी नीट वाचली.

"यातही चिमूटभर उरतंच," ते म्हणाले. "पण रोज सकाळी एक कप चालेल. त्रास झाला तर लगेच बंद."

इथे माझ्या आयुष्यात एक दुःखाचा दिवस आला. त्याच आठवड्यात हॉटेलात विजेवर चालणारी मोठी चक्की आली. बटण दाबले की ती घरघरत किलोकिलोने दळायची. सूर्यभानांनी माझा स्क्रू सोडवला. टेबलाच्या कडेवर माझ्या बुडाचा काळा वण तेवढा राहिला. कडूबाईंनी मला पोत्यात गुंडाळले आणि घरी नेले. मला वाटले, झाले, आता आपले दिवस भरले. आता अडगळ, गंज आणि शेवटी भंगारवाला.

घरी आल्यावर कडूबाईंनी माझे सगळे भाग सुटे केले. बारीक ब्रशाने एकेक दाता झाडला. मग मला पुन्हा जोडून त्यांनी माझ्यात कोरडे तांदूळ टाकले आणि दळायला सुरुवात केली. पहिले पीठ तपकिरी पडले, मग पिवळट. त्या दळतच राहिल्या.

राधाकृष्णसाहेब ओट्यावर बसून पाहत होते. "वहिनी, चिमूटभर जुनी पूड राहिली तरी त्यानं काही होत नाही."

"नसंल हुत. पन मला झोप लागाया पायजे."

पीठ पांढरेशुभ्र पडू लागले तेव्हा कुठे त्यांनी हात थांबवला. मग माझ्यावर हात ठेवून त्या सूर्यभानांना म्हणाल्या, "ही आता तुमचीच. साध्या बिया हिच्यात कुनी टाकायच्या न्हाईत." त्या वेळी मला कळले, मित्रांनो, मला टाकून दिले नव्हते. सर्वांत जपायच्या कामासाठी मला निवडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परदेशी बिया माझ्यातून पडल्या. कॉफी झाली. दोन कप भरले. सूर्यभानांनी पहिला घोट तोंडात धरून ठेवला. कडूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हलकी हाय जरा."

"आन्?"

"पन कॉफी हाय." त्यांनी दुसरा घोट घेतला. "बस की तूबी. हुबी का ऱ्हायलीस?"

कडूबाई बसल्या. त्या सकाळी दोघे बराच वेळ ओट्यावर बसले होते. छातीत काही फडफडले नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्या इंजिनिअरांकडून डबे येत राहिले, कधी वेळेवर, कधी उशिरा. एक डबा पुढच्या डब्यापर्यंत पुरवायचा, म्हणून कडूबाई बिया मोठ्या जपून काढत.

आता मला एकच गोष्ट सांगायची आहे. गेल्या हिवाळ्यात मद्रासकडचे एक मोठे कुटुंब हॉटेलात आले. सगळे कॉफी प्यायला बसले. त्यांची म्हातारी आई मात्र बाकाच्या टोकाला, पाठ वळवून, नदीकडे बघत बसली होती. सूर्यभान कप वाटता वाटता तिच्यापाशी थांबले. बंगळूरच्या छावणीत शिकलेल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्यांनी काही विचारले. म्हातारीने छातीवर हात ठेवला आणि मान हलवली.

सूर्यभान चालत घरी आले. त्या वेळी डबा तळाला लागला होता आणि पुढचा कधी येईल याचा पत्ता नव्हता.

"किती ऱ्हायल्यात?" त्यांनी विचारले.

कडूबाईंनी डबा कलता करून दाखवला. "तुमची चार दिसांची सोय हाय. जास्त न्हाई."

सूर्यभानांनी म्हातारीची गोष्ट सांगितली. कडूबाईंनी ती ऐकून घेतली, डबा उचलला आणि मला काखोटीला मारले. दोघेही हॉटेलात आले. तिथे, म्हातारीच्या डोळ्यांदेखत, कडूबाईंनी माझी मूठ फिरवली. सूर्यभानांनी म्हातारीच्या थोरल्या मुलाला ही कॉफी कसली ते समजावून सांगितले, तिच्या डॉक्टरांनी काय काय बंद केले आहे ते विचारून घेतले, मगच कप भरला.

म्हातारीने कप दोन्ही हातांत धरला. आधी नुसता वास घेतला. मग ती बाकावरून उठली, आपल्या माणसांच्या मध्ये येऊन बसली आणि त्यांच्याबरोबर प्याली. निघताना उरलेल्या बिया कडूबाईंनी तिच्या पदरात बांधून दिल्या.

त्यानंतर बरेच दिवस माझी वाटी रिकामी होती. सूर्यभान सकाळी कपात गरम दूध घेत. कडूबाईही दूधच घेत. "तुमी प्याल तवा मी पीन," त्या म्हणाल्या. पुढचा डबा आला तेव्हा माझ्या दात्यांवर कुठे गंज चढला नव्हता, कारण रिकाम्या दिवसांतही त्या मला कोरड्या फडक्याने पुसत होत्या.

मित्रांनो, मी लोखंडाची वस्तू. मला पाण्याने धुऊ नका, कोरडे ठेवा, अधूनमधून फिरवा, की मी पुष्कळ वर्षे टिकेन. माणसांचे मात्र एवढ्याने भागत नाही. तुमच्या घरात कोणाचे गोड बंद झाले असेल, कोणाचे मीठ, कोणाची कॉफी. पथ्य त्याला पाळू द्या, त्यात चालढकल करू नका. पण त्याला बाकाच्या टोकाला एकटे बसवू नका. त्याला चालेल असे काहीतरी शोधा, जाणत्याला विचारून घ्या, आणि ते मिळेपर्यंत त्याच्या शेजारी बसून जे तो पितो तेच तुम्हीही प्या.